उरलेल्या गोळ्यांचा डबा

“दवाखान्यातली घाण तूच घरात आणलीस, अवदसे! आता माझ्या नातीच्या आसपास फिरकलीस तर याद राख!”

सासूचा आवाज अख्ख्या जिन्यात घुमला... आणि सून नर्सच्या गणवेशातच दाराबाहेर थिजून उभी राहिली! लेकीचा साधा घसा धरला होता. पण ताप हटेना, मान सुजली, श्वास घरघरू लागला, आणि सकाळीच ते अजाण लेकरू आईच्याच इस्पितळात दाखल झालं होतं. नवरा? तो खांबासारखा उभा! आईपुढे ब्र काढायचा नाही हा त्याचा बाणा. मग बायकोच्या काळजाच्या चिंध्या झाल्या तरी बेहत्तर!

घरात काय चालतं ते सुनेला ठाऊक होतं. सासूचा एक पत्र्याचा डबा होता. औषध कुणाचंही असो, ताप उतरला की बंद. उरलेल्या गोळ्या डब्यात, आणि पुढच्या दुखण्याला त्यातल्याच दोन! सासूचा स्वतःचा घसा तर बारमाही खवखवायचा. दोन गोळ्या, गप्प. पुन्हा दोन, पुन्हा गप्प.

“आई, अर्धवट औषधाने जंतू मरत नाहीत, निर्ढावतात.”

“तू जन्मायच्या आधीपासून पोरं वाढवतेय मी!”

डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांचे घसे तपासायला घेतले. अहवाल आले तेव्हा त्यांनी सुनेला बाजूला बोलावलं. “सिस्टर, तुमचा घसा स्वच्छ आहे. मुलीच्या आणि सासूबाईंच्या घशात मात्र एकच जंतू सापडला, स्ट्रेप्टोकोकस. घरात सर्रास घेता त्या गोळीला तो भीक घालत नाही... पण आपल्या इंजेक्शनला दबतोय. पोर वाचेल.”

भिंतीला टेकून ती माउली ढसाढसा रडली. मग पदर नव्हता म्हणून बाहीनेच डोळे पुसत म्हणाली, “आईंनाही औषध द्या, डॉक्टर... पण कुणापासून लागलं ते सांगू नका. नातीत जीव आहे त्यांचा, खचून जातील हो! मीच आणलं म्हणू देत. मला सवय आहे.”

“सवय?”

मागे सासू उभी होती... नातीची बाहुली छातीशी धरून!

“सवय म्हणतेस? अगं, शिव्या घाल मला! माझ्या हाताने मी विष जपलं, आणि खापर तुझ्या माथी फोडलं गं...” म्हातारी मटकन खाली बसली. सुनेने तिला उराशी धरलं. नवरा तेव्हाही खांबच होता, पण निदान रडणारा!

नात घरी आली. डबा सासूने स्वतः इस्पितळाच्या औषधखान्यात नेऊन दिला. तिचं स्वतःचं औषध मात्र अजून चालू होतं.

एका सकाळी सून गोळी आणि पाणी घेऊन समोर आली. सासू म्हणाली, “आता बरं वाटतंय गं, उरलेल्या ठेव...”

बोलता बोलता तिची नजर कपाटावरच्या, डब्याच्या रिकाम्या जागेवर गेली.

“आजी, आ कर!” नात ओरडली.

म्हातारीने सुनेचा हात घट्ट धरला... आणि लहान पोरीसारखा निमूटपणे आ केला.