तिपाई डावीकडे का जाते?

रविवारी सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं, आणि गुरुवारी सकाळी दहाला तिपाई गुलाबांच्या वाफ्यात शिरली.

तिपाई म्हणजे आजोबांची तीन चाकांची मोटारसायकल. पुढे एक चाक, मागे दोन, आणि मागच्या चाकांवर पाठ टेकता येईल अशी ऐसपैस गादी. गुडघा कुरकुरायला लागला तेव्हा आजोबांनी दुचाकी सोडली, पण प्रवास सोडला नाही. एक चाक वाढवलं, एवढंच. या वेळी ते डोंगरापलीकडे राहणाऱ्या थोरल्या बहिणीला आणायला जाणार होते. आक्का ब्याऐंशी वर्षांच्या. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्या दारावरून जाताना पाहिल्या होत्या. "तुझ्या त्या तीनचाकीवर बसून एकदा घाट उतरायचाय मला," असं त्यांनी फोनवर बजावलं होतं.

गुलाबांचं फारसं नुकसान झालं नाही. आजोबांचं झालं.

"बाबा, हे या महिन्यात तिसऱ्यांदा," काका म्हणाले. "गाडी डावीकडे जाते."

"गाडी नाही रे जात," आत्या हळूच म्हणाली. "बाबांचा डावा हात आता जरा…"

"जरा काय?" आजोबांनी विचारलं.

"जरा दमलाय."

"मिस्त्रींनी सोमवारीच सांगितलं ना," काका म्हणाले. "ब्रेक पाहिले, बेअरिंग पाहिलं, दोरी लावून चाकं सरळ आहेत का तेही पाहिलं. गाडीत दोष नाही."

गाडीत दोष नसेल तर तो चालवणाऱ्यात असणार, हा मोठ्या माणसांचा आवडता हिशेब. त्यात हातचा धरायचा राहिला तरी त्यांना चालतं. काकांनी तिपाईची किल्ली स्वतःच्या खिशात टाकली आणि शनिवारी चहाच्या वेळी सगळ्यांनी बसून काय ते ठरवू, असं जाहीर केलं. त्या घरात 'बसून ठरवू' म्हणजे ठरलेलं असायचं. बसणं तेवढं बाकी असायचं.

 पायरीवर बसून आजोबा डाव्या हाताची मूठ उघडत होते, मिटत होते, जणू तो हात दुसऱ्या कुणाचा आहे. ठिणगीने ते पाहिलं.

ठिणगी ही आजोबांची नात, वय वर्षं बारा. सुट्टीत तिच्याकडे दोघंजण मुक्कामाला होते. आत्याचा मुलगा शंकासुर, ज्याला सूर्य पूर्वेला उगवतो याचाही पुरावा लागे. आणि त्याचा सात वर्षांचा भाऊ शेपूट, ज्याच्या नावाचा खुलासा करायची गरज नाही.

तिघं गॅरेजमध्ये जमली. काका तिपाई ढकलत आणून नेहमीच्या जागी लावून गेले होते. गॅरेज अरुंद, म्हणून उजवं चाक कायम भिंतीला चिकटलेलं.

"मिस्त्रींकडून आली तेव्हा सरळ चालत होती," ठिणगी म्हणाली. "मी मागे बसले होते. तीन दिवसांत आजोबांचा हात दमतो, आणि मिस्त्रींकडे जाऊन आला की ताजातवाना होतो?"

"मिस्त्री हाताला तेल लावत असतील," शेपूट म्हणाला.

"गप रे. पण मुद्दा विचार करण्यासारखा आहे," शंकासुर म्हणाला. "मिस्त्री गाडी परत देताना नेमकं काय करतात?"

"तिन्ही चाकांत हवा भरून देतात. न सांगता. सवयच आहे त्यांना."

तिघांनी एकदमच खाली पाहिलं. डावं चाक भरपेट जेवून बसलेल्या माणसासारखं जमिनीवर पसरलं होतं.

खिळ्याला टांगलेला हवा मोजायचा मीटर शंकासुराने काढला. मीटर आजोबांच्या तरुणपणचा होता आणि त्याचं तोंड झिजलेलं होतं. डाव्या चाकात चौदा. उजव्या चाकासाठी शेपटाला भिंतीच्या फटीतून सरपटवत पाठवलं. त्यात सव्वीस, म्हणजे हवी तेवढी.

"पंक्चर," ठिणगी म्हणाली.

"पुरावा?"

साबणाचं पाणी करून त्यांनी सबंध टायरवर आणि हवा भरायच्या व्हॉल्व्हवर फासलं. एक बुडबुडा आला नाही. मग पायपंपाने आळीपाळीने हवा भरली, पार सव्वीसपर्यंत. शेपटाचं वजन पंपाला पुरेना, म्हणून तो शंकासुराला पाठीवर घेऊन दाबायचा हट्ट धरून बसला. तो मंजूर झाला नाही.

"पंक्चर नाही, तरी हवा जाते," ठिणगी म्हणाली. "म्हणजे कुणीतरी सोडतंय. आजोबांनी जाऊ नये म्हणून."

हे बोलून झाल्यावर तिलाच कसंसं झालं. घरातलं कोण असं करेल?

शुक्रवारी सकाळपासून तिघं गॅरेजच्या माळ्यावर, जुन्या रद्दीच्या गठ्ठ्यांमागे दबा धरून बसली. शेपटाला शिंक येऊ नये म्हणून त्याचं नाक शंकासुराने स्वतःच्या ताब्यात घेतलं.

साडेनऊला ठिणगीची आई आली. इकडेतिकडे पाहून तिने मीटर काढला, डाव्या चाकापाशी बसली आणि मीटर टेकवला. फुस्स. काटा हलला. "आहे बाई हवा," असं पुटपुटून ती गेली.

अकराला आत्या. फुस्स. तिने चाकाला दोन थापट्या दिल्या आणि म्हणाली, "नीट ने हं बाबांना."

बाराला काका. त्यांचा मीटर नीट बसेना. फुस्स, फुस्स, फुस्स. चारला शेजारचे निवृत्त हेडमास्तर, मागच्या दाराने, चोरासारखे. फुस्स. पाचला आई पुन्हा आली, बहुधा सकाळी नीट पाहिलं नाही असं वाटून. सहाला काका परत.

सगळे गेल्यावर तिघं खाली उतरली. मीटर म्हणाला, बावीस.

"एका दिवसात चार," शंकासुर म्हणाला. "सोमवार ते गुरुवार तीन दिवस, तीन चोक बारा. सव्वीसातून बारा गेले…"

"चौदा," ठिणगी म्हणाली आणि रद्दीच्या धुळीने माखलेल्या तोंडाने हसत सुटली. "अरे, हे हवा सोडत नाहीयेत. हे काळजी करताहेत. आणि उजव्या चाकाची करायला जागाच नाही, पुढच्याची कुणाला आठवण नाही."

"आपण सांगितलं तर कबूल होतील?" शंकासुराने विचारलं.

"छे. आपल्या घरात चोरून केलेली काळजी कुणी कबूल केलीय?"

म्हणून शनिवारी सकाळी तिने हवा पुन्हा सव्वीस केली आणि डाव्या व्हॉल्व्हच्या टोपणाला काळंकुट्ट ग्रीस लावून ठेवलं. ते साबणाने जात नाही, हे तिला आजोबांच्या बोटांवरून माहीत होतं.

चहाच्या वेळी सगळे बसले. मास्तरांनाही बोलावलं होतं. काकांनी आज कप डाव्या हातात धरला होता. आईने हाताला फडकं गुंडाळलं होतं. आत्याचा हात पाठीमागे होता आणि मास्तरांचा खिशात.

"बाबा, सगळ्यांचा विचार असा पडला की," काकांनी सुरुवात केली.

"काका, एक विचारू?" ठिणगी म्हणाली. "तिपाईला आजोबांशिवाय कुणी हात लावतं का?"

"कशाला लावेल?" काका म्हणाले.

"मुळीच नाही," आई म्हणाली.

"मी तर तिकडे फिरकतही नाही," मास्तर म्हणाले.

"मग सगळ्यांनी उजवा हात टेबलावर ठेवा."

काकांनी कप खाली ठेवला. मग एकेक हात आला. चार अंगठे, चार तर्जन्या, सगळ्या कोळशासारख्या काळ्या.

"मी फक्त खात्री करत होतो," मास्तर अखेर म्हणाले.

"किती हवा असायला हवी, मास्तर?" शंकासुराने विचारलं.

मास्तरांनी विचार केला. "असायला हवी," ते म्हणाले.

ठिणगीने वहीत मांडलेला हिशेब पुढे ठेवला. काकांनी तो दोनदा वाचला. "पण मी तर एकटाच बघत होतो," ते म्हणाले. "बाबांना विचारलं असतं तर त्यांना वाटलं असतं, माझ्यावर विश्वास नाही."

"मलाही तसंच वाटलं," आत्या म्हणाली. आईने मान डोलावली.

 आजोबांनी डावा हात टेबलावर ठेवला, काळ्या बोटांच्या चार हातांशेजारी, आणि त्याच्याकडे पाहत राहिले.

"म्हणजे हा शाबूत आहे," ते म्हणाले.

"ठणठणीत," ठिणगी म्हणाली.

काकांनी खिशातून किल्ली काढून आजोबांच्या त्याच हातात ठेवली. मास्तर म्हणाले, "तीस वर्षं मुलांच्या चुका काढल्या. आज मुलांनी माझी काढली, आणि उत्तर बरोबर आहे. पैकीच्या पैकी." शेपटाने लगेच, ते तिघांत वाटायचे की प्रत्येकाला वेगळे, असं विचारलं.

आजोबांनी मीटर ठिणगीकडे दिला. "आठवड्यातून एकदा. तिन्ही चाकं. आणि बाकी कुणी जवळ आलं तर मला हाक मार."

रविवारी सहाला तिपाई निघाली आणि दोरी आखल्यासारखी सरळ रस्त्याला लागली.

मंगळवारी संध्याकाळी आक्कांचा फोन आला. घाट उतरून दोघं पायथ्याशी चहाला थांबली होती.

"कशी आहे हो गाडी?" आईने घाईघाईने विचारलं.

"गाडी झकास आहे. घाट तर असा काही उतरला, की मी पुन्हा वर चढायला तयार आहे," आक्का म्हणाल्या. "पण तुझ्या सासऱ्याला सांग काहीतरी. दर वळणावर थांबतो आणि विचारतो, 'आक्का, नीट बसलीस ना? दुखत नाही ना? थंडी नाही ना वाजत?' अगं, इतक्या वेळा तपासलं तर माझीसुद्धा हवा जाईल."