एकाच दिशेने, जरा हळू

"टक्कर घडवणं हा आपला धंदा आहे यार! आजवर कुणाला लागलेलं नाही," असं आपल्या मित्राला, मिहिरला, सांगत यज्ञेश उलटा चालत होता. आणि धप्पकन गंधालीवर आदळला. तिच्या हातातलं शहाळं तिच्याच कुर्त्यावर रिकामं झालं.

मुलुंडच्या त्या बागेतल्या गोल वाटेवर सगळे एकाच दिशेने फेऱ्या मारतात. उलट्या पावलांनी मारणारा हा पहिलाच.

"झकास चाललाय हं धंदा," कुर्ता पिळत ती म्हणाली.

दुसऱ्या संध्याकाळी तो नवं शहाळं आणि खुलासा घेऊन हजर. मानखुर्दच्या लॅबमध्ये तो अमोनियाचे न्यूट्रल रेणू थंडगार करून गोल रिंगमध्ये फिरवत ठेवायचा. दोन घोळके, दिशा एकच. मागचा किंचित वेगात येतो, पुढच्याला गाठतो, अलगद टेकतो...

"म्हणजे मागे लागतो!"

"शास्त्रीय पद्धतीने."

"आणि ते न्यूट्रल म्हणजे काय रे?"

"ना प्लस, ना मायनस. धरून ठेवायला महाकठीण."

मग रोजच तो मागून यायचा, तिला गाठायचा आणि... उकाड्यावर बोलायचा. ती मात्र हल्ली जरा हळूच चालायची.

एकदा म्हणाली, "रविवारी मला बघायला येतायत. कांदिवलीचा मुलगा. आईला पसंत आहे."

"अच्छा... कांदिवली चांगली आहे."

"एवढंच?"

"म्हणजे... हवा बरी असते तिकडे."

"न्यूट्रल कुठला!" ती तरातरा पुढे निघाली.

या वेगाने ही रिंगबाहेर जाणार, हे यज्ञेशला कळलं. तो धावत सुटला. पण वेग काही आवरेना — गंधालीला ओलांडून तो थेट पुढे चाललेल्या तिच्या शकुमावशीवर! मावशी बाकावरच बसल्या.

"गंधे, हे ध्यान कोण गं?"

"मावशी, मी... मला ही आवडते. न्यूट्रल नाहीये मी. प्लस आहे, प्लस!"

"मग चष्मा लाव ना मेल्या!"

गंधाली खुदकन हसली. पुन्हा चालायला लागली, अगदी सावकाश. मागे न बघताच तिने हात मागे केला... या खेपेला टक्कर अलगद झाली.

मावशींनी आईला पटवलं आणि रविवारी यज्ञेश तिच्या घरी पोहे खात होता. बेल वाजली. दार त्यानेच उघडलं. बाहेर कांदिवलीचा मुलगा, त्याचे आईवडील आणि मिठाईचा पुडा. त्यांना येऊ नका म्हणून कळवायचं सगळेच विसरले होते.

पोहे संपले होते.