ताईच्या आवाजात

ही घडलेली गोष्ट आहे. पटली तर घ्या, नाही तर पुढे चला. पण खाली 'छान रंगवलंय' असलं काही लिहू नका, माझं डोकं फिरतं. जिच्याबाबतीत घडली ती माझी आतेबहीण आहे आणि तिला खोटं बोलायला जमत नाही. तोंडावर चार शिव्या देते आणि मोकळी होते.

रात्र-बित्र काही नव्हती. गेल्या उन्हाळ्यातला रविवार, भर दुपार.

ताई बसस्टँडवर गाड्यांच्या घोषणा करते. आवाज असा खणखणीत, की माईक बंद पडला तरी काम अडत नाही. आई गेल्यावर धाकट्या भावाला तिनेच वाढवलं. घरात त्याचं नाव माकड. बंद इमारती, पाण्याच्या टाक्या, टॉवर... जिथे 'प्रवेश बंद' लिहिलेलं असेल तिथे हा चढणार आणि व्हिडिओ टाकणार.

त्या दुपारी ताईने डबा उघडला आणि फोनवर माकड दिसला. लाइव्ह. गावाबाहेरच्या बंद हॉटेलच्या गच्चीवर, कठड्यावर उभा. अनवाणी.

खाली लोक लिहीत होते, 'भावा, अजून पुढे!'

"ह्यांच्या बापाचं काय जातंय?" ताई म्हणाली आणि डबा तसाच टाकून निघाली.

हॉटेलची मागची भिंत फुटलेली होती. आत शिरली आणि जिन्याखालूनच ओरडली, "माकडा! खाली ये! नाही तर तंगडं मोडून हातात देईन!"

एवढी मोठी रिकामी इमारत... आणि आवाज घुमला नाही.

जरासुद्धा नाही. गादीवर दगड टाकावा तसा कुठेतरी पडला आणि संपला.

रागात तिच्या ते लक्षातच आलं नाही. ती चढत राहिली, मजल्यामजल्यावर ओरडत राहिली. "मेल्या, ये इकडे!" "थोबाड फोडीन!" "ऐकू येतंय का?" खोल्यांना दारं नव्हती. लिफ्टच्या जागी वरपासून खालपर्यंत उघडा खड्डा. एक कबूतरसुद्धा नव्हतं.

गच्चीचं दार एकदा लागलं की बाहेरून उघडत नाही. म्हणून ही चढणारी पोरं दारात काहीतरी अडकवून ठेवतात. माकड स्वतःचा बूट ठेवायचा.

ताईने बूट पाहिला. तिला वाटलं, बरं झालं, मारायला काहीतरी मिळालं. उचलला आणि धावली.

मागे दार लागलं. खट्.

माकड आता कठड्यावर नव्हता. टाकीच्या पलीकडे, जिथे कठडा ढासळला होता, तिकडे चालला होता. हळूहळू. फोन मागे पडलेला.

बूट बरोबर पाठीत बसला. तो दचकून वळला आणि तिला बघून पांढराफटक पडला.

"ताई... तू मागे कशी?"

"मग कुठे असायला हवी?"

त्याने समोर बोट दाखवलं. जिथे गच्ची संपत होती, तिथे.

"तिकडून हाका मारत होतीस ना? कधीची. 'मेल्या, ये इकडे'..."

 तिने त्याचं मानगूट धरून दारापर्यंत ओढत आणलं. दार ढकललं. हलेना. आणि मग दारामागून, खूप खालून...

"माकडा! खाली ये!"

तिचाच आवाज. एकेक मजला चढत वर येत होता. जिथे जे ओरडली होती, ते तिथून उचलत. "थोबाड फोडीन!" जवळ. "ऐकू येतंय का?" अगदी दाराला लागून.

मग काहीच नाही...

खट्.

दार उघडलं. आत कोणी नव्हतं.

"मी नाही येणार," माकड म्हणाला.

"मग काय इथे संसार थाटायचाय?" तिने त्याचा हात पकडला. "आता मी तोंड उघडणार नाही. जे कोणी बोलेल ती मी नाही. हात ओढेल तिकडे यायचं, समजलं?"

उतरायला लागले. निम्म्यावर आले. आणि उजव्या बाजूने...

"बाळा, तिकडे कुठे? जिना इकडे आहे."

हे वाक्य ताईने त्या दिवशी कुठेच उच्चारलं नव्हतं. एवढ्या मायेने ती त्याच्याशी एकदाच बोलली होती, आई गेली त्या दिवशी.

माकडाचा हात सुटला. तो वळला. लिफ्टच्या खड्ड्याकडे.

ताईने शर्ट धरून मागे खेचलं आणि अशी सणसणीत ठेवून दिली की त्याचे डोळे उघडले. तसाच रडत खाली आला. एवढी खरी थप्पड दुसऱ्या कोणाची असणार!

दुसऱ्या दिवशी ती हॉटेलच्या मालकाशी भांडली आणि ते भिंतीचं भगदाड बुजवून घेतलं. माकडाने चढणं सोडलं. व्हिडिओखाली मात्र अजून विचारतात, 'पुढचा पार्ट कधी?' निर्लज्ज मेले.

इथे संपलं असतं तर बरं झालं असतं.

मागच्या महिन्यात ताईचा घसा बसला. डॉक्टरांनी बोलायचं नाही म्हणून सांगितलं. ती स्वयंपाकघरात भाजी चिरत होती, सकाळपासून मुकाट. माकड खोलीतून वैतागून बाहेर आला.

"अगं येतोय ना! किती ओरडतेस!"

आणि स्वयंपाकघरावरून सरळ पुढे गेला... गॅलरीकडे.

ती धावली तेव्हा त्याचा एक पाय कठड्यापलीकडे होता. तिने त्याला कमरेला धरून आत पाडलं. मग गॅलरीकडे बघत शिव्या देत राहिली. नुसते ओठ हलत होते.

आता घसा बरा झालाय. स्टँडवर ओरडते, माझ्याशी भांडते. फक्त माकडाला हाक मारत नाही. जेवायला बोलवायचं तरी उठून त्याच्या खोलीत जाते आणि मनगट धरून आणते.

परवा मी तिथे होते. ताई माझ्यासमोर ताटं घेत होती, तोंड मिटलेलं. आणि बाहेरून स्पष्ट ऐकू आलं...

"माकडा, जेवायला ये रे."

ताईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने लाथ मारून गॅलरीचं दार लावलं आणि त्याला आणायला आत गेली. मी उठून दाराला कडी घातली.