ब्रेक लावला की

ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरतं, ही तक्रार माझ्या गॅरेजमध्ये महिन्यातून चार-दोनदा तरी येते. तिच्यात गूढ असं काही नसतं. थरथर सीटखालून आली तर मागची चाकं बघायची, हातात आली तर पुढची. बहुतेक वेळा ब्रेकची डिस्क तापून तापून किंचित वाकलेली असते. ती बदलली की गाडी सुतासारखी सरळ. गिऱ्हाइकाला वाटतं मी जादू केली, आणि मीही त्याचा गैरसमज दूर करायला जात नाही.

त्यामुळे ताईची गाडी आली तेव्हा मी ती फारशी मनावर घेतली नाही. गाडी मुळात अप्पांची, म्हणजे आमच्या वडिलांची. ते गेल्यावर ती ताईने ठेवून घेतली, कारण गरज तिलाच होती. भाऊजींच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. एक दिवसाआड त्यांना टेकडीवरच्या घरातून खाली मोठ्या दवाखान्यात डायलिसिसला न्यावं लागतं. रस्ता सगळा उताराचा आणि वळणांचा. एक खेप चुकली तर पायांना सूज चढते, दोन चुकल्या तर धाप लागते.

"बारक्या, हसू नकोस," ताई म्हणाली. माझं पोट सुटलंय, केस गेलेत, पण तिच्या लेखी मी बारक्याच. "मी हल्ली ब्रेक लावायचाच टाळते. गिअरवरच उतरते."

"त्या उतारावर?"

"मग काय करू? ब्रेक दाबला की हाताला असं काही होतं, की स्टिअरिंग सोडून द्यावंसं वाटतं."

थरथरीने सहसा कुणी मरत नाही. थरथरीला भिऊन ब्रेक न लावणारा मरतो, आणि शेजारी बसलेल्याला घेऊन मरतो. माझा पिकअप तिला देण्यात अर्थ नव्हता, त्यात चढायला भाऊजींना पाय उचलत नाही. मधला मोकळा दिवस तेवढा हाताशी होता.

सकाळीच गाडी जॅकवर घेतली. डिस्कला डायल गेज लावलं. चक्ती किती डगडगते हे दाखवणारं ते काट्याचं घड्याळ. चाक फिरवलं, काटा जेमतेम हलला. डिस्क सरळ होत्या. तरी शंकेला जागा नको म्हणून मी नव्या घातल्या. ब्रेकपॅड बदलले, गंज खरवडला, पुढची चाकं मागे टाकली, नट एकाआड एक आवळले. वॉशरसाठी ड्रॉवर चाळताना अप्पांची अंगठी हाताला लागली. शेवटच्या आठवड्यात त्यांची बोटं सुजली होती, अंगठी निघेना, म्हणून नर्सने मलाच पुढे केलं आणि मी ती पक्कडीने कापली. ताईला वाईट वाटेल म्हणून अंगठी त्यांच्याबरोबरच गेली असं सांगून मोकळा झालो. ती तशीच वॉशरमध्ये पडून आहे.

दुपारी गाडी बाहेर काढली. मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला आणि ब्रेक लावला.

थरथर आली.

दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, असं मी स्वतःलाच म्हणालो आणि पुन्हा वेग घेतला. या खेपेला लक्ष देऊन बसलो. एरवी गाडीचा वेग उतरला की थरथरही मंदावते, कारण ती चाकाबरोबर फिरत असते. ही मंदावत नव्हती. जोरात असताना जी लय, तीच लय गाडी रांगायला लागल्यावरही. गाडी थांबली, तरी पाय ब्रेकवर होता तोवर ती चालूच राहिली. मग मी इंजिन बंद केलं.

तरीही.

ती लय ओळखीची होती. कुठली ते आठवायला वेळ लागला. शेवटच्या वर्षात अप्पांच्या हातातला कप बशीवर असा वाजायचा. तेव्हा ताईच त्यांना याच गाडीतून त्याच दवाखान्यात न्यायची. आम्हा दोघांना गाडी त्यांनीच शिकवलेली. बाजूच्या सीटवर बसायचे, आणि ब्रेक लावायची वेळ आली की हात लांब करून आमच्या हातावर ठेवायचे. पुढे आम्ही पक्के झालो तरी त्यांची सवय गेली नाही. दवाखान्याच्या दारात पोचल्यावर तर तो हात सोडायलाच वेळ लावायचे, असं ताई सांगते.

मी ही आठवण कानामागे टाकली. आठवणीने नट ढिले होत नाहीत.

शेजारच्या टायरवाल्याला बाजूला बसवलं. मी ब्रेक लावीन, तू फक्त स्टिअरिंगकडे बघ, असं सांगितलं. तो वाकून बघत राहिला.

"मालक, हे तर जागचं हलत नाहीये."

"नीट बघ. आत्ता केवढं थरथरतंय!"

"तुमचा हात थरथरतोय. डावा. वय झालं, दाखवून घ्या कुणाला तरी."

तो हसला. मीही हसलो. मग त्याला चालवायला दिली. त्याने तीन-चारदा करकचून ब्रेक लावले आणि खांदे उडवले. त्याच्या हाताला काहीच जाणवलं नाही.

परत मी बसलो. फक्त उजवा हात ठेवला. काही नाही.

डावा ठेवला. आली.

आमच्या धंद्यात सगळा भरवसा तळहातावर. जे हाताला लागतं ते स्टिअरिंगमधून आलेलं, स्टिअरिंगमध्ये आलेलं ते चाकातून. मी दिवसभर याच वाटेने शोधत होतो. आता ब्रेक दाबून ठेवला आणि पहिल्यांदाच विचारलं, नक्की कुठे लागतंय?

तळहात शांत होता.

थरथर वरून येत होती. हाताच्या पाठीवर.

मी खाली उतरलो आणि बराच वेळ नळाखाली हात धरून उभा राहिलो. मला भीती वाटली, हे इथे सरळ सांगतो.

संध्याकाळी ताई आली. गाडी निर्दोष होती. ब्रेक चोख होते. तिने ब्रेक लावलेच नाहीत तर मात्र दोघं दरीत जातील, म्हणून तेवढंच बोललो.

"स्टिअरिंग हलत नाही. मी खात्री केलीय. बिनधास्त ब्रेक लाव."

"मग माझ्या हाताला काय होतं?"

"सवय होईल."

तिने माझ्याकडे बघितलं. मी चावी पुसत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला.

"पोचलो," ती म्हणाली. आवाज अगदी हळू. "प्रत्येक वळणावर ब्रेक लावला. थरथर नाही आता."

"बरं झालं."

"दवाखान्याच्या दारात आहे. गाडी बंद केलीय. उजव्या हाताने फोन धरलाय."

मागून भाऊजींचा धापा टाकणारा आवाज आला. "अगं, उतर ना. मशीन लावून बसलेत ते."

"ताई, उतर."

"डावा हात निघत नाहीये, बारक्या. घट्ट धरलाय."

ती खूप वेळ श्वास घेत राहिली.

"आणि अंगठी टोचतेय रे. अप्पांची तर गुळगुळीत होती. हिला कापल्यासारखी कड आहे."