मुंगीचा नंबर पहिला

रविवार, ८ नोव्हेंबर. सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. रांगेत मुले अकरा. काट्यावर चढून उतरली अकरा. आणि वजनात बाद झाली तीही अकराच.

स्पर्धा दहा वर्षांखालील मुलांच्या ज्युदोची होती. इतर क्लबांची मुले बिनबोभाट पार पडली. बाद झाली ती सगळी यजमान क्लबची. याच इमारतीतल्या वजनखोलीत, क्लबच्या स्वतःच्या काट्यावर, सहा वाजता हीच मुले आपापल्या गटात व्यवस्थित बसली होती.

"प्रत्येक पोर एक किलो दोनशेने जास्त," क्लबचे सर म्हणाले. "कुणी कमी नाही, कुणी जास्त नाही."

"म्हणजे तुमचा काटा खोटा आहे, काका," भिंगरीचे वडील स्पर्धेच्या निरीक्षकांपुढे सरसावले. भिंगरी म्हणजे रांगेतली सर्वांत चपळ मुलगी; वय नऊ.

"असू शकतो. तपासू," निरीक्षक म्हणाले.

वजनमापे खात्यात सारी नोकरी काढून ते निवृत्त झाले होते. स्पर्धेच्या काट्याची जबाबदारी त्यांच्यावर होती आणि प्रमाण वजनांची लाकडी पेटी ते स्वतः उचलून आणीत. दुसऱ्याच्या हाती देत नसत. त्यांनी स्पर्धेच्या काट्यावर वीस किलो ठेवले. काट्याने वीस दाखवले. मग ते पेटी घेऊन वजनखोलीत गेले. क्लबचा काटा बंद होता. त्यांनी तो सुरू केला, शून्य येऊ दिले, वजने ठेवली. वीस. एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही.

दोन्ही काटे खरे होते. तर मग तासाभरात अकरा अंगांवर नेमके तेवढेच वजन चढले कुठून?

"पाणी प्यायली असतील," वडील म्हणाले.

"अकरा जणांनी? मापाने?"

वडील खिडकीबाहेर पाहत होते.

बाहेर मैदानावर मुले धावत होती. प्रत्येकाच्या अंगात गळ्यापर्यंत बंद केलेला प्लॅस्टिकचा रेनकोट होता. आभाळ निरभ्र होते. रेनकोटांची सळसळ बंद खिडकीतूनही ऐकू येत होती.

नियम असा होता: दहा वाजता दुसरी तपासणी. तोवर घाम गाळून वजन उतरले तर खेळायचे, नाहीतर घरी. तिसरी वाट एकच होती. मुलांचे क्लबमधले सकाळचे वजन काट्याच्या दोषामुळे चुकले असे निरीक्षकांनी लिहून दिले, तर त्यांना वरच्या गटात घेता येत होते, उपाशीतापाशी न धावता.

"त्यांना थांबवा," निरीक्षक म्हणाले.

"दहा वाजेपर्यंत पोरगी माझी आहे, काका. तुमची सत्ता काट्यावर."

हे खरे होते. आणि याच मैदानावर गेल्या वर्षी, असाच रेनकोट घालून, तीनशे ग्रॅमसाठी धावणारी नऊ वर्षांची एक मुलगी खाली बसली ती पुन्हा उठली नाही, हेही तितकेच खरे होते. तिला सगळे मुंगी म्हणत. चौकशी झाली. दोष कुणाच्याच पदरी पडला नाही.

निरीक्षकांनी वजनखोलीचे दार आतून लोटून घेतले आणि खोली पाहू लागले.

खोली अरुंद होती. भिंतीवर बारा खुंट्या. अकरा रिकाम्या, कारण वजन अंगातल्या चड्डी-बनियनवर होई आणि नंतर मुले आपापले पोशाख घालून जात. बारावीवर, दारालगतच्या पहिल्या खुंटीवर, ज्युदोचा एक लहानसा पांढरा पोशाख पट्ट्यासकट लटकत होता. खुंटीच्या लाकडावर वर्षाची धूळ होती. पोशाखावर नव्हती. उलट त्यावर घडीच्या ताज्या रेघा होत्या, जणू कुणी तो रोज चौकोनी घडी घालून पुन्हा उलगडत होते.

काट्याचा चौथरा काळ्या रबराचा होता. त्याच्या मधोमध पांढऱ्या सुताचे बारीक तंतू चिकटले होते. आकडे दाखवणारी पाटी दांड्यावर, मोठ्या माणसाच्या छातीच्या उंचीला होती आणि दांड्याला टॉवेल अडकवलेला होता.

दार उघडून झाडलोट करणाऱ्या मावशी आत आल्या.

"मावशी, हा टॉवेल कशासाठी?"

"सर पाटीवर टाकतात. पोर चढून स्थिर झालं की मग उचलून आकडा बघतात. पोरं आकडे हलताना बघून रडतात, म्हणे."

"मुंगी गेल्यापासून?"

"छे हो. तीन आठवडे झाले असतील. मीच दिला ना. सर म्हणाले एकच दे, आणि दिला तर एवढे आभार मानले, जसं काही मी शालू दिला."

"आणि हा पोशाख?"

मावशींनी तिकडे पाहिले नाही. "त्याला हात लावायचं माझ्याच्यानं होत नाही. ती खुंटी मी पुसतसुद्धा नाही."

"मुलांमध्ये काही फरक वाटतो अलीकडे?"

"वाटतो तर. आधी डबे भरलेलेच राहायचे. मीच टाकून द्यायची पोरांच्या सांगण्यावरून, पाप लागायचं ते मला. आता चाटूनपुसून रिकामे. तुम्ही ती भिंगरी बघा, गालांवर रंग आलाय." त्या थांबल्या. "पोरं म्हणतात, मुंगी सांभाळते त्यांना. काट्यावर अजून येते म्हणतात. मी या खोलीत एकटी थांबत नाही, साहेब."

साडेआठ वाजले होते.

निरीक्षकांनी सरांना बोलावले.

"काटा रोज कोण सुरू करतं?"

"मुलंच. मी बाहेर हजेरी घेतो. ती रांग लावतात, मग मी आत येतो."

"बंद?"

"वजनं झाली की मी."

"आज?"

"आजही मीच."

"टॉवेल कधीपासून?"

"मुंगी गेली तेव्हापासून," सर म्हणाले. त्यांनी हे ताबडतोब सांगितले. बाकी प्रत्येक उत्तराला त्यांना वेळ लागला होता.

मैदानावरून शिटी वाजली. निरीक्षक बाहेर गेले. भिंगरी आणखी एक फेरी संपवून वाकून उभी होती. ओठ पांढरे पडले होते.

"हिला घटकाभर नेतो," ते तिच्या वडिलांना म्हणाले. "काट्याचं काम आहे."

वजनखोलीत त्यांनी तिच्या रेनकोटाची चेन उघडली. आतून वाफ यावी तशी ऊब आली. त्यांनी तिला पाणी दिले. ती पेल्याकडे पाहत राहिली.

"प्यायलं तर वजन वाढेल."

"त्याचं मी बघतो. तू पी."

तिने पेला रिकामा केला.

"रांगेत पहिला नंबर कुणाचा असतो?" त्यांनी विचारले.

"मुंगीचा."

"अजून?"

"ती सगळ्यांत हलकी होती ना. हलक्याचा नंबर पहिला. तिला वर्ष झालं तेव्हा आम्ही ठरवलं, तिचा नंबर कुणी घ्यायचा नाही."

"तीन आठवड्यांपूर्वी?"

"हं."

"मग तिचं वजन कसं करता?"

भिंगरीने खुंटीकडे बोट दाखवले. "घडी घालून ठेवतो. मग बटण दाबतो. पहिला नंबर, म्हणजे काटा तिच्यासाठीच सुरू व्हायला पाहिजे."

"आणि काटा काय दाखवतो?"

"शून्य." ती हे अगदी सहज म्हणाली. "तिचं वजन आता शून्य येतं. मेलेल्यांचं येतंच ना, आजोबा?"

निरीक्षकांनी खुंटीवरच्या पोशाखाकडे पाहिले.

"पोशाख उचलल्यावर?"

तिने आवाज खाली आणला. "मग खाली काहीतरी येतं. आधी आडवी रेघ, आणि मग एक पूर्णांक दोन. काट्यावर कुणी नसतं तेव्हा. आमच्यातला ओमी म्हणतो, ती उतरत नाही, उलटी उभी राहते. आणि आपण चढलो की आपलं ओझं थोडं धरते."

"टॉवेल असताना तुम्हाला पाटी कशी दिसते?"

"आम्ही बुटके आहोत," भिंगरी म्हणाली. "खालून दिसतं."

नऊ वाजायला दहा मिनिटे असताना निरीक्षकांनी सर, भिंगरीचे वडील आणि मावशी यांना वजनखोलीत उभे केले. भिंगरी पेला हातात घेऊन कोपऱ्यात होती.

"मी सकाळी हा काटा तपासला तो रिकाम्या चौथऱ्याने सुरू करून. म्हणून तो खरा ठरला," ते म्हणाले. "माझी पद्धत बरोबर होती. पण या खोलीची पद्धत वेगळी आहे. आता बघा."

त्यांनी काटा बंद केला. पोशाख खुंटीवरून काढला, त्याच्याच रेघांवर घडी घातली आणि चौथऱ्यावर ठेवला. मग बटण दाबले. पाटीवर शून्य आले.

"काटा सुरू होताना अंगावर जे असेल, त्याला तो शून्य धरतो. त्याला वाटतं, हा माझ्या चौथऱ्याचाच भाग." त्यांनी पोशाख उचलला. पाटीवर आले: उणे एक पूर्णांक दोन.

मावशी एक पाऊल मागे सरल्या.

"घाबरू नका. ही सूट आहे. यानंतर जो चढेल तो तेवढ्याने हलका भरेल. तीन आठवडे ही मुलं रोज मुंगीचा मान राखत होती, आणि काटा त्यांना एक किलो दोनशेची मोकळीक देत होता. म्हणून डबे रिकामे झाले. स्पर्धेच्या काट्यावर मुलांचं वजन वाढलं नाही, भाऊसाहेब. तिथं ते खरं दिसलं."

"म्हणजे कार्ट्यांचा खेळ," वडील म्हणाले.

"मुलांना शून्याचा अर्थ ठाऊक नव्हता. ज्याला ठाऊक होता, असा एक माणूस या खोलीत रोज येत होता." निरीक्षक सरांकडे वळले. "रिकाम्या काट्यावरचा उणे आकडा आत पाऊल टाकताच दिसतो. तो तुम्हाला दिसला. म्हणून टॉवेल आला. तुम्ही म्हणालात, वर्षापासून आहे. मावशी म्हणतात, तीन आठवड्यांपासून. टॉवेल मुलांच्या डोळ्यांसाठी नव्हताच. मुलांना आकडा खालून दिसतच होता. टॉवेल होता तो दारातून डोकावणाऱ्या आईवडिलांसाठी."

सर भिंतीला टेकले.

"पहिल्याच दिवशी दिसलं," ते म्हणाले. "बटण दाबून सरळ करणार होतो. तेवढ्यात भिंगरी चढली आणि वजनात बसली. बाहेर तिचे वडील उभे होते. मी त्यांना म्हणालो, बसली, जेवू द्या तिला. असं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो. पोरांना उपाशी ठेवू नका, असं कुणाला तोंडावर सांगायची माझी छाती नव्हती. सांगितलं असतं तर पोरं काढून दुसऱ्या क्लबात घातली असती, तिथं उपाशी ठेवली असती. मुंगीला धावायला मीच लावलं होतं, साहेब. हे माझ्याकडून तिनंच करून घेतलं असं वाटलं मला."

"आणि आज काय होणार होतं?"

"वाटलं, बाद होतील. रडतील, घरी जातील, जेवतील. दुसरी तपासणी मला आठवली नाही."

"आठवली नाही, ठीक. पण सव्वासातपासून ती मुलं तुमच्या डोळ्यांदेखत धावताहेत. एक वाक्य बोलला असतात तर थांबली असती. मुंगीच्या चौकशीच्या वेळीही तुम्ही गप्प होतात, आणि आज तिच्याच पोशाखाआड गप्प राहिलात. काट्यात दोष नव्हता. टॉवेल टाकणाऱ्या हातात होता."

सरांनी मान खाली घातली. मग ते सरळ उभे राहिले, दाराबाहेर गेले, आणि मैदानावरून त्यांचा आवाज आला. "थांबा. कोट काढा सगळ्यांनी. हे माझं काम आहे, पोरांचं नाही."

सळसळ एकेक करून थांबली.

भिंगरीचे वडील लेकीकडे पाहत होते. तिच्या हातातला पेला त्यांनी घेतला, मावशींच्या कळशीतून भरला आणि परत दिला.

निरीक्षकांनी लिहून दिले: मुलांचे क्लबमधले सकाळचे वजन काट्याच्या शून्यातील दोषामुळे चुकले, दोष मानवी, प्रशिक्षकाची कबुली. साडेनऊपर्यंत अकराही मुले वरच्या गटात नोंदली गेली आणि दूध पीत बसली. सर त्या दिवशी मॅटवर आले नाहीत, पुढेही आले नाहीत.

पेटी बंद करायला निरीक्षक वजनखोलीत गेले तेव्हा मुले तिथे आधीच उभी होती. दारालगत पहिली जागा सोडून.

"आजोबा," भिंगरी म्हणाली, "मग मुंगीचं खरं किती?"

त्यांनी काटा बंद केला. चौथरा रुमालाने पुसला. बटण दाबले आणि रिकाम्या काट्यावर शून्य येईपर्यंत सगळे थांबले. मग त्यांनी पोशाखाची घडी दोन्ही हातांनी चौथऱ्यावर ठेवली.

एक किलो दोनशे ग्रॅम.