अठराव्या गल्लीतला सर्व्हर

"आजपासून या घरातला सर्व्हर हरवणं केवळ अशक्य! मी त्याला कायमचा पत्ता दिलाय!" काकांनी जिन्यावर उभं राहून जाहीर केलं.

बरोबर चार मिनिटांनी सर्व्हर हरवला.

म्हणजे सगळ्या घराच्या फायली साठवणारी ती काळी पेटी जिन्याखालच्या कपाटात होती तिथेच होती. हिरवा दिवाही लुकलुकत होता. पण घरातल्या एकाही कॉम्प्युटरला ती सापडेना!

काका दोनदा चहा घेऊन कपाटापाशी गेले आणि दोन्ही वेळा न पिताच परतले. सुट्टीला आलेल्या धाकटीने ते बरोबर हेरलं. काकांना पट्ट्या छापायचं वेड होतं. साखरेच्या डब्यावर 'साखर', मांजराच्या टोपलीवर 'मांजर' आणि परवापासून धाकटीच्या फ्रॉकवर, पाठीमागे, 'धाकटी'.

"काका, काय झालं?"

"कुठे काय! त्याला जरा विश्रांती देतोय."

"मग घाम तुम्हाला का आलाय?"

काकांचा चेहरा पडला. "काकूला सांगू नकोस गं. तिच्या पुस्तकाची बेचाळीस चित्रं आत आहेत. वर्षभराचं काम! चारला प्रकाशकाला पाठवायचीत."

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. वरच्या खोलीत काकू मजेत गुणगुणत होती.

धाकटीने तडक फौज जमवली. तिचा दादा 'प्रोफेसर' लॅपटॉप घेऊन बसला. चुलत भाऊ 'भोंगा' जिन्यावर पहाऱ्याला.

"आणि हळू बोल!"

"हळूच बोलतोय!" भोंगा गरजला.

"काका, पत्ता काय टाकलात?" प्रोफेसरने विचारलं.

"एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, वीस. शंभर टक्के!"

"तिथे कुणीच नाहीये."

धाकटीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "काका, याचीही पट्टी छापली असेल ना?"

"अर्थात! आधी पट्टी, मग तिच्यावर बघून काम. पेटीच्या मागे चिकटवलीय."

पेटीची पाठ भिंतीला. तिथे मावणारी एकच व्यक्ती होती! टॉर्च दातांत धरून धाकटी आत सरपटली. आतून कोळ्याला उद्देशून एक किंकाळी आली, मग आवाज आला, "एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, अठरा, वीस!"

"अठरा?" काका मटकन खाली बसले.

"अहो काका, तिसरा आकडा म्हणजे गल्ली! सगळं घर पहिल्या गल्लीत राहतं आणि तुम्ही याला अठराव्या गल्लीत धाडलंत! आपण इथे हाका मारून काय उपयोग?" प्रोफेसर म्हणाला.

"मग लॅपटॉपलाही तिकडेच राहायला पाठव की!" आतून धाकटी.

पेटीची वायर काढून थेट लॅपटॉपला जोडली. लॅपटॉपला पत्ता दिला अठरा, तीस. आणि पेटीने ओळख दिली!

"पासवर्ड? त्याची तर पट्टी नाही ना छापलीत?"

काकांनी खोकत कपाटाच्या दारामागच्या पट्टीकडे बोट दाखवलं.

पेटीच्या पत्त्यातल्या अठराचा एक झाला. स्क्रीन गोठली. सगळ्यांचे श्वासही! वायर पुन्हा जागेवर गेली, आणि...

"दिसली! बेचाळीसच्या बेचाळीस!" भोंग्याने ही गुप्त बातमी तीन घरांना ऐकवली.

काकू धावत खाली आली. काकांनी मान खाली घालून सगळं कबूल केलं. काकू म्हणाली, "चूक केलीत ती केलीत, पण पोरांपासून लपवली नाहीत, हे बरं केलंत. आणि शाब्बास रे पोरांनो! माझं वर्ष वाचवलंत!"

चार वाजायला पाच मिनिटं कमी असताना चित्रं रवाना झाली. काका धाकटीकडे वळले. "धाकटे, आज माग! काय हवं ते माग!"

धाकटीने जरा विचार केला.

"काका, पाठीवरची ती पट्टी काढा ना. परवापासून टोचतेय."