शेवटच्या गाडीचा नियम

मामांना त्यातून मिळणार काय होतं? एक टोपी, टाकीभर डिझेल आणि जावयाची फजिती बघायला हक्काची जागा.

दरवर्षी सायकल शर्यतीहून आला की जावई म्हणायचा, "थोडक्यात हुकलं, बाबा!" म्हणून शर्यतीच्या एकतिसाव्या वर्षी मामांनी आपली पावाची व्हॅन सगळ्यांच्या मागे लावली. थकलेल्यांना गोळा करत येणारी शेवटची गाडी.

ही गोष्ट खरी आहे. भर दुपारची. मामा माझे सख्खे, तेव्हा तिखटमीठ लावायची सोय नाही.

शेवटच्या गाडीला नियम एकच. शेवटच्या सायकलस्वाराला ओलांडायचं नाही. हा नियम सातव्या वर्षी आला. का, असं विचारलं की जुनी मंडळी चहा मागवतात.

घाट संपला तिथे जावई रस्त्याकडेला बसलेला दिसला.

"काय जावईबापू, यंदाही थोडक्यात?"

तो हसला नाही. हात छातीवर. ओठ निळे.

मामांनी त्याला मागे आडवं केलं आणि गाडी सुसाट सोडली. डॉक्टर होते शर्यत संपते तिथे. अकरा किलोमीटर, सरळ रस्ता.

आणि पुढे... एक सायकलस्वार.

लाल जर्सी. पाठीवर नंबर नाही. निवांत पाय मारत चाललेला.

मामांनी हॉर्न वाजवला. तो बाजूला होईना.

"खड्ड्यात गेला नियम!" मामांनी गाडी दामटली.

साठ. सत्तर. ऐंशी.

अंतर तेवढंच...

वॉकीटॉकी खरखरली. "मामा, आहात कुठे? जावई सोडून सगळे पोचले. रस्त्यावर तुम्ही एकटेच."

"अरे, माझ्या पुढे एक जण आहे!"



काटा ऐंशीवर. पण वाऱ्याचा आवाज नाही... टायरचा नाही. खिडकीबाहेर किलोमीटरचा दगड. आठ.

थोड्या वेळाने पुन्हा... आठ.

"बाबा... लवकर..."

मामांनी स्टिअरिंगवरचे हात जोडले. "तूच जा पुढे. नाही ओलांडत मी." पाय उचलला. काटा विसावर आला.

दगड मागे सरकला. सात... सहा...

त्याच्या मागून, त्याच्याच चालीने. मामांची जोरात जायची छाती होईना, थांबायचीही नाही.

तीनचा दगड गेला तेव्हा मागचा श्वास ऐकू येईनासा झाला.

पंचांनी फक्त व्हॅन येताना पाहिली. पुढे कुणी नव्हतं.

"अकरा किलोमीटरला एक तास, बाबा?" मामांच्या लेकीने, ताईने, एवढंच विचारलं.  

नियम मोडायला निघाले मामा. जीव गेला जावयाचा. ताईचा नवरा गेला आणि बापाशी बोलणं तुटलं, म्हणजे बापही गेल्यातच जमा.

सगळ्यात जास्त किंमत मोजली तिनेच. ती तर त्या रस्त्यावर नव्हतीसुद्धा.